घागऱ्याखाली कंपनीची पँट

पोतराज व्हायला मी स्वतःहून होकार दिला. कुणी जबरदस्ती केली नव्हती. चूक सगळी माझी, आणि ती मी चहा पिता पिता केली.

त्यामुळं त्या संध्याकाळी मी क्लबहाउसच्या गार एसीत उघड्या अंगानं उभा होतो. कमरेला रंगीत खणांचा घागरा. पायात चाळ. कपाळभर हळद आणि मळवट. हातात कोरडा, पोतराजाचा आसूड. खऱ्या पोतराजाला जट असते, पाठीवर लोंबते. मला टक्कल आहे. खऱ्या पोतराजाचं पोट पाठीला लागलेलं असतं. माझं पुढं आलेलं. घागऱ्याखाली मी कंपनीची निळी पँट तशीच ठेवली होती, कारण घागरा सुटला तर काय, ही एकच काळजी मला त्या वेळी होती. बाकीच्या काळज्या करायला अक्कल लागते.

समोर माणसांचा गोल. अर्ध्या गोलात सोसायटीतले लोक, पांढऱ्या कपड्यांत, योगा मॅटवर. अर्ध्या गोलात आमच्या हाउसकीपिंगच्या बायका. त्यांच्याही खाली मॅट होत्या, पण वर जुन्या चादरी अंथरलेल्या. मॅट खराब होऊ नयेत म्हणून. मधोमध समई. समईत वात नव्हती, बॅटरीचा दिवा होता, कारण छताला धुराचे सेन्सर. तो दिवा मीच बसवलेला. मी इथला इलेक्ट्रिशियन.

"जरा जोरात मारा ना," कार्यक्रम घेणाऱ्या ताई माइकवर म्हणाल्या. अगदी प्रेमानं. "मागं आवाज पोचत नाहीये."

मी कोरडा फिरवला. तो पाठीवर बसायच्या ऐवजी समईला गुंडाळला. समई डुगडुगली. लोक हसले. एका पोरीनं आईला विचारलं, "मम्मा, अंकल को पनिशमेंट मिला क्या?" आई म्हणाली, "नो बेटा, ही इज हीलिंग."

दुसरा फटका नीट बसला. चटका थेट डोक्यात गेला. टाळ्या पडल्या. फोन वर झाले. कुणीतरी मागून म्हणालं, "वाव, सो रॉ."

पाठीवर पहिला वळ उठला. ही पाठ कोरी राहावी म्हणून माझ्या बापानं आपल्या बापाशी जन्माचं वैर घेतलं होतं. आणि मी तिच्यावर वळ उठवत होतो, टाळ्यांच्या तालावर.

आता मुद्दा सांगतो. पुढं मोठमोठे शब्द येणार आहेत, त्यात तो हरवतो. मुद्दा एवढाच होता की आमच्या बायकांना मुतायला जागा नव्हती.

हैदराबादच्या पश्चिमेला काचेच्या इमारतींच्या पलीकडं ही सोसायटी आहे. उंच टॉवर, पोहायचा तलाव, कुत्र्यांना फिरवायला वेगळी हिरवळ. बिल्डरनं बेसमेंटमध्ये कामगारांसाठी संडास बांधून दिला होता. फरशा लावलेल्या, नळ चालू, सगळं नीट. पण गणपती कमिटीला सामान ठेवायला जागा नव्हती. मखर, थर्माकोलचे खांब, गालिचे, स्पीकर, सगळं त्या संडासात गेलं आणि दाराला कुलूप लागलं. आम्ही विचारायला गेलो तेव्हा चेअरमन सार म्हणाले, "भगवान का सामान है. वहां कैसे बैठेंगे?"

बायका मग मागच्या गेटबाहेर पत्र्याआड जायच्या. तिथंही नव्या टॉवरची खोदाई सुरू झाली. क्रेन आली, माणसं आली. तेव्हापासून बायकांनी पाणी प्यायचं सोडलं. सकाळी घरून निघताना घोटभर, मग संध्याकाळी घरी गेल्यावर. हैदराबादच्या उन्हाळ्यात. शहनाज नावाची सगळ्यात तरणी पोरगी, तिला लघवीची आग होऊन असा ताप चढला की झाडू हातात धरूनच खाली बसली.

यादम्मा तेव्हाच म्हणाली होती, "चलो, दरवाजे के सामने बैठते. खोले तक उठना नै."

यादम्मा ही आमच्या युनियनची पाठ. मी तोंड. मला तेलुगू येतं, दखनी येतं, मराठी घरची, इंग्रजी रेटून येतं. म्हणून साहेब लोकांशी बोलायचं काम माझं. यादम्मा बोलते कमी आणि बोलते ते झोंबतं. आणि ती म्हणाली तसं आम्ही बसलो असतो तर हे सगळं घडलंच नसतं. पण मी म्हणालो, "थांब अम्मा. घाई करू नको. एक मॅडम आपल्या बाजूच्या आहेत. मराठी आहेत."

यादम्मानं विचारलं, "मराठी है तो क्या हुआ?"

मी विषय बदलला.

ताई पुण्याच्या. नवरा आयटीत, त्या पूर्वी आयटीत, आता 'अंतर्यात्रा' नावाचं काहीतरी घेतात. मी त्यांच्याकडं इन्व्हर्टर बघायला गेलो होतो. फोनवर बायकोशी बोललो, ते त्यांनी ऐकलं. "अय्या, तुम्ही मराठी! आणि काय गोड मराठी हो तुमची. हे मध्येच नक्को, हौ, किती ऑथेंटिक." मला सोफ्यावर बसवलं. चांगल्या कपात चहा दिला. मग म्हणाल्या, "फोटो काढू का? आपण एकत्र चहा पितोय असा." मी कप वर धरून हसलो. तो फोटो त्यांच्या ग्रुपवर गेला. माझा पन्नास वर्षांत चहा पिताना कुणी फोटो काढला नव्हता. मी हुरळलो.

हुरळलेला माणूस बडबडतो. त्यांनी विचारलं, "मूळचे कुठले?" मी सांगितलं, आज्जा मराठवाड्यातून आला, काचीगुड्याला गाडीतून उतरला तो तिथंच राहिला. आम्ही अजून बरकतपुऱ्याच्या मागच्या गल्लीत आहोत. "काय करायचे आजोबा?" इथं गप्प बसायला हवं होतं. पण त्या कपाला सोनेरी कड होती. मी म्हणालो, "पोतराज होता. मरीआईचा."

ताईंनी कप खाली ठेवला. डोळे भरून आले त्यांचे. "तुम्हाला माहितीये का, तुमच्या रक्तात काय आहे?"

माझ्या रक्तात तेव्हा साखर होती, डॉक्टरनं सांगितलेली. पण मी मान हलवली.

त्या म्हणाल्या, घोषणा देऊन माणसं बंद होतात. निवेदनं देऊन बंद होतात. माणसं उघडायची असतील तर विधी पाहिजे. एका गोलात सगळे बसू, श्वास घेऊ, दिवा लावू. तुम्ही तुमच्या पूर्वजांची शक्ती आणा. त्या ऊर्जेत चेअरमन सार स्वतः उठून चावी देतील. "माझं बोलणं झालंय त्यांच्याशी," त्या म्हणाल्या.

खोटं कशाला सांगू, मला पटलं. आपल्या युनियनच्या सभेत लोक येत नाहीत आणि एखाद्या बाबाच्या सत्संगाला नामपल्लीचं मैदान भरतं, हे मी पाहिलेलं. देवाचं काहीतरी केलं तर माणूस हलतो, असं मलाही वाटायचं. मी हौ म्हणालो.

आता बापाचं सांगतो. आज्ज्यानं थोरल्या पोराच्या, म्हणजे माझ्या बापाच्या डोक्यावर जट सोडली होती. मरीआईला वाहिलेलं पोरगं. आज्जी डोक्यावर देव्हारा घ्यायची, आज्जा अंगावर कोरडे ओढायचा, बाप सूप पुढं करायचा. दारातून धान्य पडायचं. बाप सांगायचा, धान्य पडताना एक आवाज यायचा, कारण हात फार वर असायचा. पुढं बाप सिकंदराबादला रेल्वेच्या वर्कशॉपात खलाशी, म्हणजे हेल्पर, लागला. वस्तीतल्या निळ्या झेंड्याच्या मंडळात जायला लागला. एक दिवस कात्री घेतली आणि स्वतःची जट स्वतः कापली. आज्ज्यानं त्याला मेला म्हणून सांगितलं. देवीचा कोप होईल म्हणून आज्जी छाती बडवत बसली. बापाला काही झालं नाही. पगार झाला, तेवढंच.

मी घागरा शिवायला टाकला तेव्हा बायको म्हणाली, "मामंजी असते तर?" मी म्हणालो, "बायकांसाठी करतोय. जागा मिळणारे त्यांना." ती म्हणाली, "मला विचारूच नका मग." आणि दुसऱ्या खोलीत जाऊन तिनं टीव्हीचा आवाज मोठा केला.

कोरडा आमच्या गल्लीतल्या एका पोतुराजूकडून आणला. इथं आषाढात बोनालूच्या जत्रेला पोतुराजू नाचतात, अंगाला हळद फासून. त्यानं विचारलं, "कौनसे मंदिर में अन्ना?" मी म्हणालो, "क्लबहाउस में." त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग कोरडा दिला.

तर ती संध्याकाळ.

माझे फटके चालू होते. ताई माइकवर सांगत होत्या, हिंदीत, मी मराठी करून सांगतोय, "ह्यांच्या पूर्वजांनी गावाचं दुःख स्वतःच्या अंगावर घेतलं. किती मोठं समर्पण! आज आपण त्यांना वंदन करूया." आज्ज्यानं कुणाचं दुःख घेतलं नव्हतं. त्याला पसाभर जोंधळे हवे होते. पण मी थांबलो नाही. चेअरमन सार पहिल्या रांगेत होते, खुर्चीवर, गुडघे दुखतात म्हणून. मी त्यांच्या खिशाकडं बघत होतो. चावी कुठल्या खिशात असेल? प्रत्येक फटक्याला वाटायचं, आता उठतील.

मग ताई म्हणाल्या, "आता आपण ह्यांना कृतज्ञतेचं दान देऊ." कुणीतरी माझ्या हातात सूप दिलं. हे मला आधी सांगितलं नव्हतं. एकेक जण उठला. बिस्किटाचे पुडे. खजूर. साबणाची वडी. सगळे हसत होते, सगळे चांगले लोक होते, एका म्हाताऱ्या बाईंच्या डोळ्यात तर पाणी होतं. पण हात वर होते. सूप खाली आणि हात वर. सगळं वरून पडत होतं. पुडा सुपात पडला की टप्प.

बापानं सांगितलेला तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

आणि तरी मी सूप धरून उभा. मी तुम्हाला सांगतो, त्या क्षणी माझ्यात काही जागं वगैरे झालं नाही. माझी पाठ जळत होती, आणि मनात हिशेब चालू होता की एवढं झालंय तर चावी घेऊनच जाऊ.

ताईंनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले. "श्वास खाली न्या. पोटात न्या. ओटीपोटात न्या. तिथं साठलेलं सगळं जाणवू द्या."

बायका दुपारपासून बसून होत्या. ड्यूटी संपली की थेट क्लबहाउसला, घरी न जाता, असं मीच त्यांना सांगितलेलं. ओटीपोटात काय साठलं होतं ते त्यांना जाणवत होतं. शहनाज ओठ चावत होती.

यादम्मानं डोळे उघडले. पुटपुटली, "जगा नै है पेट में." आणि उठली.

क्लबहाउसच्या कोपऱ्यात संडास आहे. काचेचं दार, आत सुगंधी वडी, हात सुकवायचं यंत्र. ती तिकडं चालली. दाराशी वॉचमन उभा होता. माझ्याच बरोबर चहा पिणारा माणूस. तो हळूच म्हणाला, "अम्मा, ये नै. ये रेसिडेंट्स का है."

यादम्मा थांबली. "रोज मैं धोती इसकू," ती म्हणाली. "बैठनेकू नै आता क्या मेरेकू?"

मागं काही डोळे उघडले. ताईंनी माइक तोंडाजवळ घेतला. आवाज मऊ, अगदी लहान मुलाला समजावतात तसा. "यादम्मा, ध्यान मोडू नका हां. थोडा वेळ फक्त. धरून ठेवा."

धरून ठेवा.

ती बाई सकाळपासून धरून होती. त्या आधी वर्षभर धरून होती. शहनाज धरून धरून आजारी पडली. माझी आज्जी देव्हारा डोक्यावर घेऊन गावोगाव हिंडायची, तिनं किती धरून ठेवलं असेल? आणि मी, ह्यांचा पुढारी, हातात सूप धरून उभा होतो.

मी सूप खाली ठेवलं. एका पुड्यावर पाय पडला, बिस्किटांचा चुरा झाला.

"चाबी," मी चेअरमन सारना म्हणालो. "बेसमेंट की."

"अरे, प्रोग्राम तो पूरा करो," ते म्हणाले. "फेस्टिवल के बाद कमिटी में रखेंगे."

"ताई, तुमचं बोलणं झालं होतं ना?"

ताई म्हणाल्या, "मी त्यांना इंटेन्शन सांगितलं होतं. चावीचं असं थेट नाही बोलले. थेट मागितलं की ऊर्जा अडते."

म्हणजे चावीचं कुणी बोललंच नव्हतं. मी पाठ फोडून घेत होतो आणि चेअरमन सारना ठाऊकच नव्हतं की ती कशासाठी.

"मी नाही करणार," मी म्हणालो. मराठीत म्हणालो, मग तेलुगूत, मग दखनीत. तीन भाषा येण्याचा त्या दिवशी पहिल्यांदा उपयोग झाला. "तुमच्यापुढं हे अंग आता नाचणार नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही. कशासाठीच नाही."

आणि चालत वॉचमनपाशी गेलो. चाळ वाजत होते, त्यामुळं जितका दरारा वाटायला हवा तितका वाटत नव्हता. पण हातात कोरडा अजून होता, ते मी विसरलो होतो. लोक मागं सरकले. वॉचमन पण सरकला.

यादम्मा आत गेली. कडी लागली.

पांढऱ्या कपड्यातली माणसं मॅटवर तशीच. बॅटरीचा दिवा तसाच. मग आतून पाण्याचा लोट सुटल्याचा आवाज आला. मोठा, भरपूर, लांबलेला. प्रत्येकानं ऐकला.

शहनाज उठली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. तिच्यामागं दुसरी. मग सगळ्याच. चादरी अंथरलेल्या मॅट रिकाम्या झाल्या आणि संडासापुढं रांग लागली. कुणी घोषणा दिली नाही. चेअरमन सार मोठ्यानं म्हणाले, "दिस इज टू मच." रांग हलली नाही. शेवटची बाई बाहेर येईपर्यंत मी घागऱ्यात उभा राहिलो, आणि मला त्याची लाज वाटली नाही. म्हणजे थोडी वाटली. पण वेगळी.

दुसऱ्या दिवशी कामगारांना क्लबहाउस बंद झालं. संडासात औषध फवारलं. फवारायला पाठवलं यादम्मालाच.

ताई मला लिफ्टपाशी भेटल्या. खरंच दुखावल्या होत्या. त्या वाईट बाई नाहीत, हे मी आजही म्हणतो. वाईट असत्या तर मी इतका फसलो नसतो. म्हणाल्या, "मी तुमच्यासाठी किती केलं. ती पवित्र जागा तयार करायला मला किती दिवस लागले. तुम्ही ती मोडलीत. तुमच्या आजोबांच्या परंपरेचासुद्धा अपमान केलात."

"आज्ज्याची परंपरा बापानं कात्रीनं कापली, ताई," मी म्हणालो. "तुम्ही का चिकटवता?"

"तुमच्या मनात फार राग आहे. त्यावर काम करा."

लिफ्ट आली. त्या गेल्या. मी जिन्यानं गेलो, कारण ती लिफ्टही रेसिडेंट्सची.

त्या आठवड्यात आम्ही बेसमेंटच्या जिन्याखाली बसलो. सगळ्या बायका आणि मी. मी माफी मागायला तोंड उघडलं तर यादम्मा म्हणाली, "वो बाद में. अब क्या करना, वो बोलो."

माझी खोड जात नाही. मी म्हणालो, सुरुवात एखाद्या वंदनेनं करू, म्हणजे एका मनानं बसू. आमच्या मंडळात करतात तशी. एक बाई म्हणाली, त्यापेक्षा मैसम्मा देवीला बोनम, नैवेद्याच्या भाताचं मडकं, नेऊ. दुसरी चर्चला जाणारी, ती म्हणाली, मैं तो प्रेयर करती, बोनम नक्को. शहनाज म्हणाली, मैं दोनों नै करती. झालं. देव कुठला, शब्द कुठले, आधी कोण, नंतर कोण. संडास बाजूला राहिला. आवाज चढले. दोघी उठून चालल्या. मी दोघींना हातानं अडवत होतो आणि दोघी मलाच शिव्या देत होत्या. युनियन तिथंच मोडली असती. देवावरून, माझ्यामुळं, दुसऱ्यांदा.

उकाडा होता. कुणीतरी पाण्याचा जग आणून मधे ठेवला. सवयीनं. आणि सवयीनंच कुणी हात लावला नाही. ड्यूटीवर पाणी प्यायचं नाही, हे अंगात एवढं मुरलेलं की भांडून घसा कोरडा पडला तरी सगळ्या जगाकडं नुसत्या बघत होत्या.

यादम्मानं जग उचलला. तोंडाला लावला. घटाघट, थांबत थांबत, हनुवटीवरून पदरावर सांडत, अर्धा जग रिकामा केला. तोंड पुसलं आणि म्हणाली, "मैं पी ली. अब मेरेकू जाना पडता. कहां जाऊं, वो कमिटी देख ले."

तिनं जग शहनाजपुढं धरला. हातात दिला. वरून ओतला नाही. शहनाज घाबरली. तिला तो ताप आठवला असणार. मग तिनं डोळे मिटले आणि प्याली. जग पुढं गेला. चर्चवाली प्याली, बोनमवाली प्याली. उठलेल्या दोघी परत बसल्या. कुणी मंत्र म्हटला नाही. तेव्हापासून आमची बैठक अशीच सुरू होते. आधी सगळ्यांनी पोटभर पाणी प्यायचं. प्यायली ती आमची. बोलणं नंतर. मी पुष्कळ सभा पाहिल्या, दिवे लावलेल्या, हार घातलेल्या. प्यायला इतकं धैर्य लागतं अशी सभा पाहिली नव्हती.

गणपती जवळ आले. मखर काढायला कुलूप उघडणार, हे आम्हाला ठाऊक होतं.

चेअरमन सार दोन माणसं घेऊन बेसमेंटला उतरले तेव्हा बायका दारापुढं बसलेल्या. दाटीवाटीनं, मधे जग. यादम्मा म्हणाली, "सामान निकालो. हम भी हात लगाते. मगर ताला वापस नै लगता."

"पहले उठो. फिर बात करेंगे."

"बात हो गई."

सार माझ्याकडं वळले. इंग्रजीतून बोलले, म्हणजे बायकांना कळू नये. "ह्यांना उठव. वर लायटिंग बाकी आहे. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस." दरवर्षी मखराची सगळी रोषणाई मीच करतो. आवडतं मला ते काम. माझ्याकडून ते चांगलं होतं, हे मी फुशारकीनं सांगतो.

"मी तार जोडणार नाही," मी म्हणालो. सगळ्यांना कळेल अशा भाषेत. "ह्या दाराला परत कुलूप लागणार असेल तर वर एक बल्ब लागणार नाही. नोकरी घ्या."

सारांच्या हातात चावी होती. एवढ्या दिवसांत मी ती पहिल्यांदा पाहिली. लहानशी, पितळी. ती त्यांनी मुठीत धरली आणि तसेच उभे राहिले. ना उघडत होते, ना जात होते. बेसमेंटचा पंखा घरघरत होता. जग फिरत होता. एका बाईनं मांड्या आवळल्या. तिला लागली होती, पण ती उठली नाही. शहनाजनं तिचा हात धरला.

मीही खाली बसलो. यादम्माशेजारी. ऊर भरून आला होता. पोरांना सांगता येईल असं काहीतरी आज आपण केलं, असं वाटत होतं. म्हणून जग घेतला, वर धरला आणि सारांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणालो, "मैं भी पी रहा. दरवाजा खुलने तक मैं भी इन औरतां के साथ दबा को बैठूंगा. मैं भी नै जाता!"

यादम्मानं माझ्या हातातून जग काढून घेतला.

"कायकू झूट बोलरे अन्ना?" ती म्हणाली. सारांसमोर, सगळ्यांसमोर. "अब्बीच जनरेटर के पिच्छे मूत को आए, देखी मैं. ये बैठना औरतां का है. तुम उठो, जग भरको लाओ."